पाण्याच्या वाफेचा हिशेब: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाला सुरुवात. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतः चालवून बघता येईल अशी पायथॉनमधली छोटी वही तयार करायची आहे. सगळी वही एकाच प्रश्नावर: हरितगृह परिणामात सगळ्यात मोठा वाटा पाण्याच्या वाफेचा असेल, तर तापमानवाढीसाठी बोट कार्बन डायऑक्साइडकडे का दाखवायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला वेड्यात काढणारी उत्तरं भरपूर आहेत, ती मला नको आहेत. प्रश्नाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. तो पहिल्याच पानावर कबूल करायचा, मग पुढे जायचं.

वहीसाठी नियम: प्रत्येक आकडा तिथल्या तिथे काढता आला पाहिजे. नाही जमलं तर तो कुठून घेतला ते ओळीतच लिहायचं.

पहिला कप्पा, म्हणजे वहीतला कोडचा एक तुकडा, आजच लिहून टाकला. सूर्याकडून येणारे १३६१ वॉट प्रति चौरस मीटर, गोल पृथ्वीवर पसरले म्हणून भागिले ४, त्यातले सुमारे ३० टक्के परावर्तित. उरतात २३८. स्टेफान-बोल्ट्झमनच्या नियमाने (किती तापमानाला वस्तू किती उष्णता सोडते, तो नियम) तापमान येतं २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सियस. प्रत्यक्षात पृष्ठभागाचं सरासरी तापमान साधारण १५ अंश. मधले ३३ अंश हवेतल्या वायूंचे आणि ढगांचे. भांडण या ३३ अंशांच्या वाटणीचं नाही, त्यावर चढत चाललेल्या जादा अंशांचं आहे. पण वाटणीही दाखवावी लागेल.

९ जानेवारी

वाटणी. श्मिट आणि सहकाऱ्यांचं २०१० चं काम आधाराला घेतलं. ढोबळ आकडे असे: पाण्याची वाफ ५० टक्के, ढग २५, कार्बन डायऑक्साइड २०, बाकीच्यात ओझोन, मिथेन, नायट्रस ऑक्साइड वगैरे.

हे आकडे सरळ नाहीत. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड काही तरंगलांबींवर एकाच जागी शोषण करतात. एकट्या वाफेला हवेतून काढलं तर तिचं काही काम बाकीचे उचलतात, त्यामुळे तिचा वाटा कमी दिसतो. उलट कोरड्या, वायुरहित वातावरणात एकटी वाफ सोडली तर तिचा वाटा फुगतो. ५० हा आकडा या दोन टोकांच्या मध्ये, सामाईक भाग वाटून घेतल्यावर येतो. ९५ टक्के किंवा त्याहून मोठे आकडे फिरतात, ते या दोन टोकांपैकी कुठल्याच पद्धतीने निघत नाहीत.

गोल तुकड्यांचं चित्र टाकायचं नाही असं ठरवलं. चित्र बघितलं की माणूस तिथेच थांबतो, आणि तुकडा मोठा म्हणजे दोषही मोठा असं त्याला वाटतं. स्तंभांची दोन टोकं आणि मधली रेघ एवढंच पुरे.

१४ जानेवारी

आज वाफेची आवक-जावक. वातावरणात एका वेळी साधारण १२,७०० घन किलोमीटर पाणी वाफेच्या रूपात असतं. सगळं खाली पाडलं तर पृथ्वीभर सुमारे २५ मिलिमीटरचा थर. जगाचा सरासरी पाऊस दिवसाला २.७ मिलिमीटरच्या आसपास. २५ भागिले २.७, नऊ दिवसांच्या थोडं वर. वाफेच्या रेणूचा हवेतला मुक्काम एवढाच.

आता माणसाने सोडलेली वाफ. इंधन जाळलं की पाणीही तयार होतं, हे विद्यार्थ्यांना रसायनशास्त्रातून माहीत असतंच. वरची मर्यादा काढू: सगळं जीवाश्म इंधन मिथेन आहे असं धरलं तर ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे ३६ ग्रॅम पाणी. जीवाश्म इंधनातून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे पाणी जास्तीत जास्त ३० अब्ज टन. खरा आकडा बराच खाली, कारण कोळशात हायड्रोजन कमी. आणि निसर्गातलं बाष्पीभवन वर्षाला ५ लाख अब्ज टनांच्या घरात. गुणोत्तर ०.००६ टक्के.

शेतीचं सिंचन यापेक्षा मोठं आहे, अडीच-तीन हजार घन किलोमीटर. सगळंच्या सगळं उडून गेलं असं धरलं तरी बाष्पीभवनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. स्थानिक हवेवर त्याचा परिणाम होतो, भरपूर सिंचन असलेल्या भागांत दिवसाचं तापमान उतरतंही. पण जगभरच्या वाफेचा साठा त्याने हलत नाही.

१७ जानेवारी

साठ्याचं मॉडेल चालवलं. एकच समीकरण: बाष्पीभवन ठरावीक, पाऊस साठ्याच्या प्रमाणात, काळ ९.२ दिवस. तापमान बांधून ठेवलेलं. पहिल्या दिवशी हवेतली वाफ एका झटक्यात दुप्पट केली.

जादा वाफेपैकी तिसाव्या दिवशी उरते ४ टक्क्यांच्या आत. साठाव्या दिवशी ०.१५ टक्के. गळक्या बादलीत कितीही ओता, पाण्याची पातळी भोकाच्या आकारावर आणि नळावर ठरते. इथे नळ आणि भोक दोन्ही तापमानाच्या हातात.

उलटा प्रयोगही टाकला: शून्य वाफेपासून सुरुवात. समुद्र तेवढ्यात थंड होत नाही असं धरलं तर त्याच गतीने साठा भरून येतो. दोन्ही आलेख एकाच रेषेवर वरून आणि खालून येऊन मिळतात. वहीतलं बहुधा सगळ्यात जास्त बघितलं जाणारं चित्र हेच होणार.

२१ जानेवारी

कोड तपासणाऱ्या सहकारीणीचा आक्षेप आला, आणि तो चोख आहे. ती लिहिते: "निसर्गातली कार्बनची देवघेवही माणसाच्या उत्सर्जनाच्या कित्येक पट मोठी आहे. मग वाफेला लावलेलं तेच मोजमाप कार्बनला का लावत नाहीस?"

खरंय. झाडं आणि समुद्र दरवर्षी हवेतून प्रचंड कार्बन घेतात आणि जवळपास तेवढाच परत देतात. कार्बन डायऑक्साइडचा एखादा रेणू हवेत चार-पाच वर्षंच राहतो. पण तो समुद्रात गेला तर बदल्यात दुसरा बाहेर येतो. रेणूचा मुक्काम वेगळा आणि वाढलेल्या साठ्याचा मुक्काम वेगळा. हवा, वरचा समुद्र आणि वनस्पती हे तीन खण एकमेकांत देवघेव करत राहतात, खोल समुद्रात आणि खडकात कायमचं जाणं मात्र फार सावकाश होतं. म्हणून आज सोडलेल्या वाढाव्यातला मोठा हिस्सा शतकभराने हवेत सापडतो, आणि काही भाग हजारो वर्षं.

वाफेला ही अडचण नाही. तिला हवेबाहेर जायला थंड हवेचा एक थर पुरतो.

यावर दोन कप्पे नवे लिहिले. तीन खणांचं मॉडेल, त्यात एक धक्का, मग आलेख शंभर वर्षांपर्यंत. १७ तारखेचा आलेख साठ दिवसांचा आहे. दोन्ही एकाच कागदावर बसवायला आडवा अक्ष लघुगणकी करावा लागला. तेच बरं, फरक डोळ्यांत भरतो.

मोजलेला बदलही तिथेच घातला. औद्योगिक काळाआधी २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख रेणूंमागे २८०), १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आता ४२० च्या वर. दीडपट.

२८ जानेवारी

क्लॉसियस-क्लॅपेरॉनचं समीकरण: तापमानाबरोबर हवेत मावणारी वाफ कशी वाढते. संपृक्त बाष्पदाब (हवा वाफेने पूर्ण भरल्यावरचा वाफेचा दाब), हेक्टोपास्कलमध्ये: ० अंशाला ६.१, १० ला १२.३, २० ला २३.४, ३० ला ४२.४. दर दहा अंशांना जवळपास दुप्पट. पृष्ठभागाजवळ अंशामागे ६ ते ७ टक्के. वर, उणे ५० अंशांच्या हवेत, बर्फावरचा बाष्पदाब अंशामागे १२ टक्क्यांनी वाढतो. ही गोष्ट लक्षात ठेवायची, पुढे लागणार आहे.

समीकरण हवेत मावू शकणारी कमाल मर्यादा सांगतं, प्रत्यक्षात किती वाफ असेल ते सांगत नाही. तो दुवा सापेक्ष आर्द्रतेचा, म्हणजे त्या मर्यादेच्या किती टक्के वाफ हवेत आहे त्याचा. मोठ्या प्रमाणावर, सरासरीने, तापमान वाढलं तरी सापेक्ष आर्द्रता फारशी बदलत नाही. समुद्रावर तर बदलायला जागाच कमी: हवा कोरडी पडली की बाष्पीभवन वाढतं आणि ती भरून निघते. जमिनीवर ती थोडी घटल्याचं दिसतं. वहीत "स्थिर" न लिहिता "जवळपास स्थिर" लिहिलं, आणि विद्यार्थ्याला टक्केवारी बदलून बघायला सरकपट्टी ठेवली.

म्हणजे आधी तापमान चढतं, मग वाफ. वाफ स्वतःहून पुढे होत नाही, पण कोणीतरी ढकललं की जोर लावते.

२ फेब्रुवारी

फीडबॅकचे आकडे, म्हणजे तापमान वाढल्याने जे बदलतं ते उलट तापमानालाच किती ढकलतं. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण कागद-पेन्सिलीने होतो.

कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर फोर्सिंग (आवक-जावकेत पडणारा जादा फरक), आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, ३.९३ वॉट प्रति चौरस मीटर. पृथ्वी एक अंश तापली की नुसत्या तापण्यामुळे ३.२२ वॉट जास्त बाहेर टाकते. ३.९३ भागिले ३.२२, म्हणजे १.२ अंश. वाफ जिथल्या तिथे गोठवून ठेवली तर एवढंच.

आता वाफ सोडू. वाफ वाढल्याने अडलेली उष्णता आणि उंचीनुसार तापमान उतरण्याच्या दरातला बदल हे दोन्ही एकत्र धरून अंशामागे १.३० वॉट. एकत्र धरायचं कारण असं: उष्ण कटिबंधात वरची हवा खालच्यापेक्षा जास्त तापते, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणं सोपं होतं, आणि तीच हवा जास्त वाफ धरते, त्यामुळे अवघड होतं. एक वाढलं की दुसरंही वाढतं. वेगवेगळे मोजले तर मॉडेलांत बराच फरक दिसतो, बेरीज मात्र जवळ जवळ येते.

३.२२ उणे १.३० म्हणजे १.९२. ३.९३ भागिले १.९२, म्हणजे २ अंशांच्या थोडं वर. १.२ चे २. बर्फ आणि ढग अजून बाहेरच ठेवलेत.

मानाबे आणि वेदराल्ड यांनी १९६७ साली एका उभ्या स्तंभाच्या मॉडेलवर हेच केलं होतं. ३०० पीपीएमचे ६००: निरपेक्ष आर्द्रता (हवेतली वाफ) बांधली तर १.३३ अंश, सापेक्ष आर्द्रता बांधली तर २.३६. त्या काळच्या संगणकावर! मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्याही आधी, १८९६ साली, स्वीडिश शास्त्रज्ञ आर्‍हेनियसने हाताने केलेल्या गणितात वाफेची ही वाढ धरलेली होती. "शास्त्रज्ञ वाफ विसरले" असं म्हणणाऱ्यांसाठी या दोन ओळी पुरेशा आहेत.

३ फेब्रुवारी

कालच्यालाच जोड. वाफेने तापमान वाढतं, तापमानाने वाफ वाढते, मग हे थांबतं कुठे? १.३० भागिले ३.२२ म्हणजे ०.४. पहिला १.२ अंश, त्याने आणखी ०.४९, त्याने ०.२०, त्याने ०.०८. भूमितीय श्रेढी, बेरीज २. गुणोत्तर १ च्या खाली आहे तोवर ती थांबते. सूर्याच्या जास्त जवळ असलेल्या शुक्रावर कधीकाळी ती थांबली नसावी असं मानलं जातं, पण तो वेगळा विषय, वहीत नको.

६ फेब्रुवारी

तपासणीतून आलेला दुसरा प्रश्न: हा वाफेचा फीडबॅक फक्त मॉडेलात आहे की निसर्गात कोणी बघितलाय?

फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी. जून १९९१, दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात (ढग-पावसाच्या थराच्या वरचा हवेचा थर) गेला, त्याच्या धुरकटाने सूर्यप्रकाश अडवला, जगाचं तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. वाफेचा नियम खरा असेल तर थंड हवेत वाफही कमी झाली पाहिजे. उपग्रहांनी तशी घट मोजली. सोडन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मॉडेल दोनदा चालवलं. वाफेला तापमानाप्रमाणे बदलू दिलं तेव्हा मोजलेली थंडी जुळली, वाफेचा फीडबॅक बंद केला तेव्हा मॉडेल पुरेसं थंड झालंच नाही.

हे उदाहरण मला फार पटतं, कारण दिशा उलटी आहे. तापमानवाढीचा कुठलाही वाद मध्ये न आणता नियम तपासला जातो.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस उंचीवर गेला. वहीतला अवघड भाग हाच.

आक्षेप जुना आणि दिसायला बिनतोड: वाफ आधीच एवढी आहे की अवरक्त किरण (पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता) तिनेच अडवलेत, कार्बन डायऑक्साइड ज्या तरंगलांबींवर शोषतो त्या पट्ट्याही भरल्यात, मग त्यात आणखी घालून काय होणार? १९०० साली क्नूट आंगस्ट्रोमने नळीत वायू भरून केलेल्या प्रयोगातून असाच निष्कर्ष निघाला होता, आणि त्यानंतर बराच काळ आर्‍हेनियसकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या ब्रिटिश अभियंत्याने विषय पुन्हा बाहेर काढला. १९५० च्या दशकात गिल्बर्ट प्लास या भौतिकशास्त्रज्ञाने संगणकाच्या मदतीने पट्ट्या बारकाईने मोजल्या, तेव्हा चित्र पालटलं.

चूक नळीत आहे. नळीत एका टोकाने किरण आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर, सगळं एकाच तापमानाला. वातावरण म्हणजे थरांवर थर, वर वर थंड होत जाणारे, आणि प्रत्येक थर शोषतो तसा सोडतोही. अवकाशात निसटणारी उष्णता जमिनीवरून थेट फारशी जात नाही. ज्या उंचीवर वरची हवा पुरेशी विरळ होते, तिथून ती निघते. सरासरी काढली तर ही उंची पाच किलोमीटरच्या जवळ: ३३ अंश भागिले किलोमीटरमागे ६.५ अंश. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही पातळी वर सरकते. वरची हवा थंड, म्हणून ती कमी उष्णता सोडते. आवक तीच, जावक कमी. हिशेब जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. दुपटीसाठी ही पातळी दीडशे-दोनशे मीटर उचलली जाते, तेवढ्यात एक-सव्वा अंश आला.

आता वाफ कुठे असते? जवळजवळ तळाशी. दर दोन किलोमीटरना तिचं प्रमाण साधारण एक तृतीयांशावर येतं. हवेला तेवढंच विरळ व्हायला आठ किलोमीटर लागतात. तपांबराच्या (ढग-पावसाचा सर्वांत खालचा थर) माथ्याशी एवढी थंडी की वाफ गोठून गळते आणि स्थितांबरात चार-पाच पीपीएम शिल्लक राहते. कार्बन डायऑक्साइड मात्र गोठत नाही, तळापासून स्थितांबरापर्यंत त्याचं प्रमाण तेच, चारशेच्या वर. तळाशी गर्दी वाफेची असली तरी ज्या उंचीवरून उष्णता निसटते तिथे कार्बन डायऑक्साइडला मोकळं रान आहे.

२८ जानेवारीचे ते १२ टक्के इथे कामाला आले. वरच्या तपांबरातली वाफ मोजायला नगण्य, पण अंशामागे सगळ्यात वेगाने तीच वाढते, आणि उष्णता जिथून निसटते त्याच उंचीवर. फीडबॅकचा मोठा भाग तिथला आहे. १९९० मध्ये हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड लिंडझेन यांनी नेमकी हीच जागा धरली: ढगांची उभी उलाढाल वाढली तर वरची हवा उलट कोरडी पडेल, असा त्यांचा मुद्दा होता. प्रश्न योग्य होता. उपग्रहांच्या मोजणीत मात्र वरची हवा तापमानाबरोबर ओलीच होताना दिसली.

चित्र म्हणून बाहेर जाणाऱ्या किरणांचा वर्णपट टाकला. १५ मायक्रॉनला मोठी खाच, तिच्या तळाशी २२० केल्विनच्या आसपासचं तापमान, म्हणजे तिथले किरण फार वरून निघालेले. ८ ते १३ मायक्रॉनची खिडकी बरीच उघडी, मध्ये ९.६ ला ओझोनचा चावा. वाफेचं राज्य ६.३ मायक्रॉनभोवती आणि वीसच्या पलीकडे. खाच मध्यभागी भरलेली आहे हे खरं, पण तिचे काठ भरलेले नाहीत, वाढ तिथे होते. काठ घातांकी उतरतात म्हणून परिणाम लघुगणकी येतो: दर दुपटीला तेवढीच भर. सोपं सूत्र ५.३५ गुणिले गुणोत्तराचा नैसर्गिक लघुगणक. २८० वरून ४२० ला २.१७ वॉट.

१९७० च्या निंबस-४ उपग्रहाने घेतलेला वर्णपट आणि १९९७ चा दुसऱ्या उपग्रहाचा वर्णपट हॅरीज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शेजारी ठेवले. कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनच्या पट्ट्यांत बाहेर जाणारी उष्णता घटलेली. "भरलेल्या" पट्टीत असं व्हायला नको होतं.

१२ फेब्रुवारी

आलेखांची एककं. तरंगलांबी की तरंगसंख्या यावर सकाळ गेली. शेवटी मायक्रॉन. बाकी काही नाही.

१८ फेब्रुवारी

उलटा प्रयोग मोठ्या मॉडेलातला. लेसिस आणि सहकारी, २०१०: न गोठणारे सगळे हरितगृह वायू काढून टाकले, पाणी मात्र समुद्रभर तसंच. पहिल्या वर्षात सरासरी तापमान ४.६ अंशांनी खाली. पन्नास वर्षांनी सरासरी तापमान उणे २१ अंश सेल्सियस, आणि हवेतली वाफ मूळच्या दहाव्या हिश्शावर. वाटणीत ५० टक्के मिळवणारी वाफ २० टक्केवाल्याच्या पाठोपाठ निघून गेली.

माझ्या छोट्या मॉडेलात हे पूर्ण येणार नाही, बर्फ पसरणं त्यात नाहीच. सरकपट्टी शून्याकडे नेली की दिशा तीच दिसते, एवढं ठेवलं. आकडे लेसिस यांचेच, नाव ओळीत.

२१ फेब्रुवारी

अपवादांचा कप्पा. हवेत टाकलेली वाफ टिकत नाही हा नियम तपांबरापुरता. स्थितांबरात पाऊस नाही. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा ज्वालामुखीने समुद्राखालून सुमारे १५ कोटी टन पाणी थेट तिथे भिरकावलं. स्थितांबरातली वाफ एकदम दहा टक्क्यांच्या आसपास वाढली, आणि ती वर्षानुवर्षं रेंगाळली. एकूण वातावरणातल्या वाफेच्या तुलनेत मात्र हे एक लाखांश भागाच्या थोडं वर. टिकली फक्त जागेमुळे.

माणूसही तिथे वाफ पोचवतो, आडवाटेने: मिथेन वर जाऊन जळतो आणि पाणी होतं. आयपीसीसी त्याला फोर्सिंगमध्येच धरते, ०.०५ वॉट. तुलनेला तिथलेच १७५० ते २०१९ चे आकडे: कार्बन डायऑक्साइड २.१६, मिथेन ०.५४, हॅलोजनयुक्त वायू ०.४१, नायट्रस ऑक्साइड ०.२१. तक्त्यात तपांबरातल्या वाफेसाठी रकाना नाही. विद्यार्थी विचारतीलच, म्हणून खाली टीप: ती ३ फेब्रुवारीच्या श्रेढीत आहे.

२६ फेब्रुवारी

अंतिम तपासणी. सहकारीणीने दोन गोष्टी मागितल्या. एक, स्थितांबर थंड होत चाललंय हे कुठेतरी हवं. सूर्य तापला असता तर वरचे थरही तापले असते. कार्बन डायऑक्साइड वाढला की तिथली हवा उष्णता जास्त जोराने बाहेर टाकते आणि थंड होते. १९६७ च्या त्या शोधनिबंधातच हे भाकीत होतं. खालच्या स्थितांबरात ओझोन घटल्याचाही हात आहे, म्हणून उदाहरण वरच्या थरांचं घेतलं. घातलं.

दुसरी मागणी ढगांची. ती मान्य केली नाही. ढग म्हणजे वाफ नव्हे, थेंब आणि हिमकण. ते एकाच वेळी ऊन अडवतात आणि उष्णताही, कुठला परिणाम जड पडेल ते उंचीवर आणि जाडीवर ठरतं. संवेदनशीलतेच्या (कार्बन डायऑक्साइडच्या दुपटीने शेवटी किती अंश वाढतील त्याच्या) अंदाजातली सर्वाधिक अनिश्चितता तिथेच आहे. दोन कप्प्यांत उरकण्याचा विषय नाही तो. त्यासाठी वेगळी वही उघडली, आत अजून फक्त शीर्षक आहे.

ही वही संध्याकाळी सर्व्हरवर चढवली. सरकपट्ट्यांचं सुरुवातीचं मूल्य: ४२० पीपीएम, सापेक्ष आर्द्रतेत बदल शून्य.